पाच सुतांची शांतता

नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकडाच्या बाजारात, माणसाची किंमत कशावर ठरते हे सांगणं कठीण. वस्तूची मात्र जाडीवर ठरते. फळी असो, प्लाय असो की दाराची चौकट, पहिला प्रश्न एकच : ‘किती सूत?’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सरकारने मेट्रिक पद्धत आणून कैक वर्षं लोटली, पण टेलिफोन एक्सचेंज चौकातून आत वळलं की राज्य सुताचंच. एका सुतासाठी दार अडकतं आणि त्याच सुतासाठी मिस्त्री आणि घरमालक यांचं बोलणं बंद होतं. जाड माल म्हणजे चांगला माल, याबद्दल इथे दुमत नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं, हे सांगताना इथल्या माणसाची छातीसुद्धा दोन सूत वाढते.

अशा मुलखात राहून मी एक पातळ वस्तू शोधत होतो. पंखा. तोही छताचा नव्हे, कॉम्प्युटरचा. शिवाय त्याने आवाज करायचा नाही, ही वर अट.

झालं असं, की घरातला जुना, गुडघ्याएवढा उंच कॉम्प्युटर काढून त्याजागी तळहातावर मावणारा डबा आला. साडेचार इंच लांब, साडेचार इंच रुंद अशा डब्यांची चाल इंटेलने २०१३च्या सुमारास पाडली. २०२३मध्ये इंटेलने तो धंदा सोडून असूसकडे सोपवला, पण तोवर अशा डब्यांचं पीक सगळीकडे आलं होतं. आमचा डबा त्याच पिकातला. त्याच्या कुळाचं नाव कशाला घ्या. डबा लहान म्हणून आतला पंखा लहान, पंखा लहान म्हणून त्याला जिवाच्या आकांताने फिरणं भाग. सकाळी तो मुकाट असे. ऊन चढलं की शीळ घाली, आणि दुपारी तीनला त्याला कंठ फुटे.

मी ही तक्रार शेजारच्या काकांना सांगितली. काकांची लाकडाची वखार आहे. मागे लाकूड कापणारी आरामशीन चालू होती, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं : “काका, घरात डब्याचा फार आवाज होतो!”

“काय होते?” काका ओरडले.

“आवाज!”

काकांनी आरामशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला. नागपुरात समोरच्या माणसाची काळजी वाटली की चहा मागवतात.

आवाजाच्या बाबतीत कायदा आमच्या भागाला थोडा बिचकूनच असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे व्यापारी भागात रात्री ५५ डेसिबल चालतात, निवासी भागात ४५. लकडगंजात खाली वखार आणि वर बिऱ्हाड अशी घरं काही कमी नाहीत. जिन्याच्या नेमक्या कोणत्या पायरीवर हे दहा डेसिबल उतरवून ठेवायचे, ते नियमात दिलेलं नाही. आता कॉम्प्युटरच्या चांगल्या पंख्यांचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी होत नाही. एकाला दुसरा तेवढाच पंखा जोडला तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ने वाढतो. या हिशेबाने २० डेसिबलचे पंखे लावत गेलं, तर रात्रीची ४५ची मर्यादा गाठायला ३१६ पंखे लागतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी घरात तीनशे पंखे खुशाल लावू शकतो. बायकोच्या दृष्टीने एकही नाही.

“रात्रभर कूलरखाली घोरता,” ती म्हणाली, “आणि त्या साडेचार इंची डब्याने तुमची झोप उडते?”

यात तथ्य होतं. नागपुरात कूलर लावणं हा सणच आहे, पंचांगात छापत नाहीत इतकंच. होळी झाली की तो गच्चीवरून किंवा माळ्यावरून उतरतो. ताट्या निघतात, जुनं गवत झटकलं जातं, वाळा किंवा लाकडाच्या बारीक छिलक्यांचं नवं गवत भरलं जातं, पंपाला पाणी पाजलं जातं. मग आतला दीड फुटी पंखा सुरू होतो आणि पावसाळ्यापर्यंत घरातलं सगळं संभाषण वरच्या पट्टीत चालतं. रात्री कूलर बंद पडला तर शांततेने अख्खं घर दचकून जागं होतं. ही माणसं वीस डेसिबलचा पंखा शोधतात म्हणजे नवलच.

पण कान एकसुरी आवाज मनावर घेणं लवकरच सोडून देतो. त्याला टोचतो तो बदल. कूलर रात्रभर एकच सूर धरून बसतो. डब्याचा पंखा मात्र आतल्या प्रोसेसरच्या तालावर नाचतो. वर्तमानपत्राचं पान उघडलं की जाहिरातींच्या ओझ्याने प्रोसेसर तापतो, पंखा वर चढतो. पान मिटलं की खाली येतो. पुन्हा उघडलं की पुन्हा वर. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं, की याने आता बातम्या सोडून क्रिकेटचा व्हिडिओ लावला. आवाजापेक्षा ही चहाडी जास्त त्रासदायक.

काकांनी मनावर घेतलं आणि माझ्याबरोबर सीताबर्डीच्या बाजारात आले. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराने पातळ पंख्याचं खोकं समोर ठेवलं. त्यावर हवेचं माप होतं : ५५ सीएफएम. काकांनी चष्मा वर केला. सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट, हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. जन्मभर लाकूड घनफुटाने विकलेला माणूस.

“मिनिटाला पंचावन्न घनफूट? भाव काय घनफुटाचा?”

“काका, हवा आहे ती.”

“हो ना बाप्पा, पण पंचावन्न म्हणजे पाच-सात मिनिटांत माझा ट्रक भरते. तुझ्या डब्याले एवढी हवा कायले पायजे?”

प्रश्न अडाणी वाटला तरी बिनतोड होता. आमच्या डब्याचा प्रोसेसर साधारण १५ वॅटचा. एवढी उष्णता बाहेर न्यायची आणि जाणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम झालेली चालणार असेल, तर तासाला साडेचार घनमीटर हवा पुरते. काकांच्या भाषेत मिनिटाला पावणेतीन घनफुटांहूनही कमी. जाळी, वळणं, धूळ आणि आमची नियत धरून चौपट घेतली, तरी अकरा घनफूट. पंचावन्नची गरज नाहीच. पण मोठा पंखा घेऊन त्याला आळशी ठेवायला कुणाची हरकत नाही, आणि शांततेचं सगळं गुपित त्या आळसात आहे. पंख्याचा वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि वीज आठव्या हिश्श्यावर येते. एवढा फायदेशीर आळस दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. उलट लहान पंख्याचं नशीब खोटं. ४० मिलिमीटरचा आणि १२० मिलिमीटरचा असे सारख्याच ठेवणीचे दोन पंखे एकाच वेगाने फिरवले, तर मोठा सत्तावीसपट हवा फेकतो. ती उणीव भरून काढायला लहानग्याला मिनिटाला हजारो फेऱ्या माराव्या लागतात, आणि मग तो शीळ घालणार नाही तर काय ओवी म्हणेल?

म्हणून रुंदीला मोठा आणि जाडीला पातळ, असा पंखा हवा. पोराने ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा माल काढला. या कंपनीचं चिन्ह घुबड आहे आणि पंख्याचा रंग तपकिरी-बदामी. जगभर या रंगाची थट्टा होते म्हणे; काकांना मात्र तो पाहताक्षणी आवडला. “सागवानावर मॅच होते,” ते म्हणाले. १२० मिलिमीटरचा हा पंखा दोन जाड्यांत मिळतो : नेहमीचा २५ मिलिमीटरचा, म्हणजे आठ सूत, आणि पातळ १५ मिलिमीटरचा, म्हणजे पाच सुतांत थोडा कमी. जाडा मिनिटाला २,००० फेऱ्या मारून ६० घनफूट हवा देतो आणि २२.६ डेसिबल आवाज करतो. पातळ १,८५० फेऱ्यांत ५५ घनफूट देतो आणि २३.९ डेसिबल करतो. म्हणजे पातळ पंखा हळू फिरतो, हवा कमी देतो आणि आवाज थोडा जास्तच करतो.

“मंग पैसे कमी असतील,” काका म्हणाले.

ते फार कमी नव्हते. काकांनी पंखा खाली ठेवला. पातळ माल जाड्या भावात विकणाऱ्या धंद्याबद्दल त्यांना प्रथमच आदर वाटलेला दिसला.

खरी गोम मात्र खोक्यावरच्या तिसऱ्या आकड्यात असते, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही. पंखा हवा किती जोराने रेटू शकतो, तो दाब. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. जाड्याचा २.३४ मिलिमीटर, पातळाचा १.५३. फुंकणीने चूल फुंकणारी आजी याच्या कितीतरी पट दाब सहज काढते, आणि वर धुराला शिव्याही देते. एवढासा जीव असलेल्या पंख्यापुढे आपण बारीक जाळी ठेवतो, तिच्यापुढे धूळ अडवणारी गाळणी ठेवतो, आणि मग हवा येत नाही म्हणून त्याला दोष देतो. बरं, लकडगंजात गाळणी न ठेवून सांगता कुणाला? इथे हवेतच भुसा आहे. खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी पुस्तकांवर बोटाने सही करता येते. त्यात कूलरची ओल मिसळली की प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये असा लगदा बसतो, की थोडा दाबून वाळवला तर त्याचा प्लाय व्हावा. म्हणून डबा कूलरच्या झोताच्या थेट समोर कधीही ठेवू नये, आणि गाळणी ठेवलीच तर रुंद ठेवावी आणि दर रविवारी झटकावी. गाळणीला लागून पंखा बसवला तर तो गुरगुरतो. मध्ये बोटभर जागा सोडली की गप्प होतो.

आता हे सगळे आकडे जुळवून पंखा आणला, तरी तो नागपुरात आणला आहे हे विसरून चालत नाही. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. खोलीत ४२ अंश असतील तर जगातला कुठलाही पंखा डब्याला ४१वर आणू शकत नाही. परदेशी परीक्षक वातानुकूलित खोलीत बसून सांगतात की प्रोसेसर ६५ अंशांवर स्थिर राहिला. त्यात आमचे वीस मिळवा. शंभरच्या आसपास इंटेलचे प्रोसेसर स्वतःच अंग चोरून हळू चालू लागतात, जे मेअखेरच्या नवतप्यात नागपूरकरही करतो. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. ३० मे २०२४ला तर रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने खुलासा केला, की यंत्राचा संवेदक बिघडला होता. उन्हाळा मोजायला ठेवलेल्या यंत्रालाच ऊन लागलं. पंख्यांचे आकडे ठरवणाऱ्यांना हा उन्हाळा ठाऊक नसतो. रास्पबेरी पाय ५ नावाचा पत्त्याच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर आहे. त्याचा अधिकृत पंखा चिप ५० अंशांवर गेली की हळू सुरू होतो आणि ७५वर पूर्ण वेग घेतो. केंब्रिजच्या त्या कंपनीत हे आकडे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे, ५०च्या खाली पंखा बंद राहील, असं काही सुखद चित्र असणार. आमच्याकडे तो मार्चमध्ये सुरू होतो आणि मृगाची वाट पाहतो.

पंखाच नको, असंही म्हणणारा एक माणूस होऊन गेला. स्टीव्ह जॉब्स. त्याला पंख्याच्या आवाजाचा मनस्वी तिटकारा. १९८०च्या ॲपल थ्री या कॉम्प्युटरला त्याने पंखा लावू दिला नाही. तो तापायचा आणि आतल्या चिपा जागच्या हलायच्या. यावर कंपनीकडूनच सल्ला मिळे, की यंत्र काही इंच उचला आणि टेबलावर सोडून द्या, चिपा परत बसतील. रेडिओ आणि टीव्हीला थापट्या मारून पिढ्या काढलेल्या आपल्या लोकांना या तंत्राबद्दल कॅलिफोर्नियाकडून शिकण्यासारखं काही नव्हतं. तरीही जॉब्सने हट्ट सोडला नाही. २०००मध्ये पुन्हा पंखा नसलेला देखणा घनाकृती कॉम्प्युटर काढला आणि वर्षभरात तो बंद करावा लागला. त्याला मे महिन्यात दोन दिवस आमच्या सेंट्रल एव्हेन्यूवर उभं केलं असतं, तर एवढा खर्च वाचला असता.

घरी आणल्यावर पंखा डब्यावर ठेवला. डबा साडेचार इंची आणि पंखा पावणेपाच इंची. जावई घरापेक्षा मोठा. हवा कोणत्या बाजूने जाते हे बघायला उदबत्ती लावली, कारण चौकटीवरचा बाण दिसायला भिंग लागतं आणि धूर कुणालाही दिसतो. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. धूर सरळ डब्यात शिरताना पाहून मी समाधानाने उठलो. आई आतून आली, उदबत्ती पाहिली, हात जोडले आणि पंख्याच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलं. खंडेनवमीला तिने याच डब्यावर झेंडू वाहिले होते. त्यातल्या पाकळ्या दिवाळीपर्यंत निघत होत्या. पण तिचं खरं अस्त्र वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डबा, पंखा आणि दोन्हींच्या वायरी यांवर क्रोशाचा रुमाल होता. मराठी घरात रेडिओ, टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांपैकी कुणीही या रुमालातून सुटलेलं नाही. जगातल्या पंखा कंपन्यांनी उष्णता, धूळ आणि आर्द्रता यांच्या चाचण्या घेतल्या आहेत. क्रोशाच्या रुमालाची चाचणी अजून कुणी घेतलेली नाही.

रुमालाला पर्याय म्हणून डबा टीव्हीच्या कपाटात आत सरकवला. कपाटाला दार, दाराला काच. पंखा आतलीच गरम हवा आतल्या आत फिरवू लागला. तेव्हा मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने कपाट उघडलं, हात आत घातला, झटकन बाहेर काढला. मग पंखा हातात घेऊन पेन्सिल कानावरून काढली.

“भाऊ, हा एवढा पातळ काहून घेतला?”

“डबा लहान आहे ना.”

“डबा लहान काहून घेतला?”

“जागा वाचावी म्हणून.”

“म्हंजे डबा लहान म्हून पंखा पातळ, पंखा पातळ म्हून दम नाही, दम नाही म्हून आवाज.” त्याने जमिनीवर पेन्सिलने चौकोन काढला. “मंग डबाच मोठा करून टाकू ना.”

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत जे शिकवतात ते त्याने एका रेघेत सांगितलं. पातळ, शांत आणि थंड या तिघांना एका घरात नांदवायचं तर कुणीतरी एकाने माघार घ्यावी लागते. मिस्त्रीच्या मते माघार पातळाने घ्यावी. त्याने प्लायचं एक खोकं बेतलं. खालच्या बाजूला मोठी मोकळी जागा, मागे वरच्या अंगाला जाळी, कारण गरम हवा आपणहून वर जाते आणि तिला वाट दिली की पंख्याचं काम हलकं होतं. पंखा प्लायवर स्क्रूने आवळला असता तर सगळं खोकं घुमलं असतं. म्हणून त्याने चारी कोपऱ्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. हा रबराचा बंदोबस्त पंख्याच्या कंपन्या सुबक खुंट्या करून विकतात. ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने फुकट दिली. एवढी जागा झाल्यावर पाच सुतांचा पंखा कशाला? आठ सुतांचा बसला. पातळ पंखा मी वायफायच्या राउटरमागे लावला. तिथे खरोखरच जागा नव्हती, आणि अशा बोळकंडीसाठीच त्या बिचाऱ्याचा जन्म आहे.

ज्यांच्या जिवाभावाचा मिस्त्री नाही त्यांनी पातळ पंखा घेताना एवढं पाहावं. तारा चार आहेत का पाहावं. चौथ्या तारेवरून कॉम्प्युटर त्याला वेग सांगतो. पंखा आडवा झोपवायचा असेल तर साध्या बुशचा घेऊ नये. उन्हाळ्यात त्याचं वंगण लवकर आटतं आणि तो कण्हायला लागतो. आणि पंखा मिळाल्यावर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ७० अंशांपर्यंत त्याला एकच संथ चाल बांधून द्यावी, म्हणजे तो घरातल्या बातम्या शेजारी पोचवणार नाही.

आता आमच्या कॉम्प्युटरचा आवाज येत नाही. निदान कूलर चालू असताना येत नाही आणि आरामशीन चालू असताना तर मुळीच नाही. खोकं मात्र जुन्या कॉम्प्युटरपेक्षा हातभर रुंद झालं आहे. वर सनमायका लागल्याने बायको त्यावर इस्त्री करते आणि डबा आत कुठेतरी आहे असं पाहुण्यांना सांगावं लागतं. जागा वाचवणाऱ्या वस्तूला किती जागा लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. मिस्त्री सांगतो, आणि मजुरी वेगळी लावतो.